भर दुपारची मशाल

बयाजी खराडे माझ्या टायपिंग क्लासात आले तेव्हा अकराची बॅच चालू होती. चौदा मशिनांचा खडखडाट हळूहळू थांबला, कारण दारातल्या माणसाने चपला रस्त्यावरच काढल्या होत्या आणि तांबड्या फडक्यात बांधलेलं काहीतरी छातीशी धरलं होतं, तान्ह्या मुलाला धरावं तसं.

"बाई, जरा काम हुतं," ते म्हणाले. "कॉम्प्युटरचं."

करंजवेढ्यात त्यांना न ओळखणारं कोणी नव्हतं. एरवी वर्षभर ते मार्केट यार्डात तोलार होते, गुळाच्या ढेपा नि हळदीची पोती काट्यावर चढवायचे. पण चैत्रातल्या भैरोबाच्या यात्रेला, त्या एका दिवशी, ते पालखीपुढे मशाल धरून चालणारे मानकरी असत. आमच्या गावची ती मशाल भर दुपारी बारा वाजता पेटते. ऊन असं रणरणतं, की ज्योत दिसतसुद्धा नाही, नुसती तिच्यावरची हवा हलताना दिसते. खराड्यांच्या घरातला थोरला पुरुष ती हातात धरतो आणि अनवाणी, उघड्या डोक्याने देवळापासून वेशीपर्यंत जाऊन परत येतो. दिवसाढवळ्या मशाल कशासाठी, हे गावात कोणालाच सांगता येत नव्हतं.

माझी त्यांच्याशी आणखीही एक ओळख होती. दोन वर्षांपूर्वीच्या यात्रेत मी फोटो काढत होते. मशाल फोटोत नीट बसेना म्हणून मी तिच्या दांड्याला बोट लावून ती जराशी तिरकी करायला गेले. बयाजींनी माझा हात झटकला. कॅमेरा फरशीवर पडला. "बाईमाणसानं हात लावायचा न्हाई. इटाळ हुतो," असं ते साऱ्या गर्दीत म्हणाले आणि गर्दी हसली. मी खाली बसून लेन्सच्या काचा वेचत होते तोवर पालखी माझ्या बाजूने निघून गेली. नवा कॅमेरा घेतला, पण ते हसणं काही माझ्या डोक्यातून गेलं नव्हतं.

आणि आता तेच माझ्या दारात उभे होते. मी मुलींना पुढचा धडा काढायला सांगितला आणि त्यांना आत कॉम्प्युटरच्या खोलीत नेलं.

तिथे माझा ब्लॉग राहायचा. मराठी टायपिंग येणारी आणि इंटरनेट असलेली बाई आमच्या गावात तेव्हा मी एकटीच, त्यामुळे २००९ साली मी 'वेशीच्या आत' नावाचा ब्लॉग सुरू केला होता. गावातल्या जुन्या दरवाजांच्या कड्या, बुजलेल्या बारवा, कुलपं जमवणारे निवृत्त पोस्टमास्तर, काडेपेट्यांची चित्रं चिकटवून अठरा वह्या भरलेले कंपाउंडर, असं काय काय मी त्यात लिहायचे. खाली वाचकसंख्येचा आकडा असे. रोज तीस-चाळीस. त्यातल्या निम्म्या भेटी माझ्याच, आकडा वाढला का ते बघायला.

बयाजींनी फडकं सोडलं. आत चार घड्या घातलेला जाडसर कागद होता, पिवळा पडलेला, आणि वर हळदीकुंकवाने आणखी पिवळा झालेला. पाठपोट मोडी लिहिलेलं होतं.

"देवाऱ्यात असतो," ते म्हणाले. "दसऱ्याला पुजतो. आमच्या मानाचा कागद हाय."

"काय लिहिलंय त्यात?"

"मान लिवलाय."

"वाचलाय कोणी?"

"मोडी कुणाला येतंय? माझ्या आज्यालाबी येत नव्हतं."

"मग मान लिहिलाय हे कशावरून?"

त्यांना माझा प्रश्न खरोखर कळला नव्हता. "मान नसता तर देवाऱ्यात कशापाय ठिवला असता?"

मग त्यांनी खरं काम सांगितलं. त्यांचा मुलगा रणजित चाकणला कंपनीत होता. बयाजींचे गुडघे गेले होते आणि यंदा मशाल त्याच्या हातात द्यायची त्यांची इच्छा होती. रणजित फोनवर म्हणाला होता, कसला मान घेऊन बसलाय, अनवाणी चालायचं आणि लोकांनी मोबाइलवर फोटो काढायचे. कागदात काय लिहिलंय ते दाखवा, मग येतो.

"त्यो तुमचं वाचतो, बाई. मोबाइलवर. तुमी लिवलं तर त्येला पटंल. यात्रा पंधरा दिसावर आलीया." त्यांनी कागदाची एक घडी बोटाने सारखी केली. "त्यो आला न्हाई तर माझ्यामागं मशाल बंद पडंल. इतक्या पिढ्यांत कुणाच्या हातनं पडली न्हाई, माझ्या हातनं पडंल."

दोन वर्षांपूर्वीचं त्यांना आठवत असावं. जाताना ते दारात थांबले. "त्या येळंला कॅमेरा पडला तुमचा," म्हणाले. "गर्दीत कळत न्हाई." एवढंच. मला त्यापेक्षा बरंच जास्त हवं होतं.

साताऱ्याला शनिवार पेठेत पोंक्षे म्हणून एक वृद्ध गृहस्थ मोडी वाचून द्यायचे. मी कागदाच्या दोन्ही बाजू स्कॅन केल्या आणि मूळ कागद घेऊन एसटीने त्यांच्याकडे गेले. त्यांनी तो खिडकीत धरला, भिंगातून पाहिला आणि पुढची बाजू सावकाश वाचून दाखवली.

"शके सतराशे चौदा, परिधावी नाम संवत्सरे. सुभानजी खराडे, कसबे करंजवेढे, याने देवाचा रुप्याचा टोप चोरिला. पंचांनी पुसिलियावर मान्य केले. सबब दरसाल चैत्री यात्रेस भर दोन प्रहरी पालखीपुढे उघडे डोकीने, अनवाणी, हाती पेटती मशाल घेऊन चालावे, म्हणजे चोराचे तोंड समस्त गाव पाहील."

पोंक्ष्यांनी भिंग खाली ठेवलं. "मानबिन काही नाही हो, शैलजाबाई. ही शिक्षा आहे."

मला आनंद झाला. हे मी सरळ लिहून टाकते, कारण त्यात आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. पिढ्यानपिढ्या ते लोक आपली शिक्षा देव्हाऱ्यात ठेवून पुजत होते, आणि माझ्या बोटाने विटाळते ती मशाल चोराची होती. एसटीत बसूनही मला हसू आवरलं नसतं. पण पोंक्ष्यांनी कागद उलटला आणि मागची बाजू वाचायला घेतली, आणि ती ऐकून तो आनंद ओसरला. त्यात काय होतं ते मी पुढे सांगणार आहे. तेव्हाही मी हेच ठरवलं.

"दोन्ही बाजू एकत्र छापा हं," पोंक्षे मला जिन्यापर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले. "अर्धं छापू नका."

"छे, अर्धं कसं छापेन?"

ब्लॉग चालवणाऱ्यांना एक युक्ती लवकरच कळते. लेख एका दमात टाकला की माणूस वाचून निघून जातो. दोन भाग केले, पहिल्याच्या शेवटी 'क्रमशः' लिहिलं, की तोच माणूस परत येतो, आणि येताना दोघांना घेऊन येतो. कुलपांवरचा लेख मी तसाच दोन भागांत टाकला होता आणि आकडा दुप्पट झाला होता. यात्रा शनिवारी होती. पहिला भाग आधीच्या सोमवारी टाकायचा, आठवडाभर गावात चर्चा होऊ द्यायची, यात्रा होऊ द्यायची, आणि दुसरा भाग नंतरच्या सोमवारी. हिशेब सोपा होता. त्यात वाचकांची हाव किती होती आणि झटकलेल्या हाताचा राग किती होता, हे मी तेव्हा वेगळं करून पाहिलं नाही.

'भर दुपारी मशाल का? एका चोराची गोष्ट.' भाग एक. कागदाच्या पुढच्या बाजूचा फोटो, पोंक्ष्यांचं वाचन, बयाजींचा दोन वर्षांपूर्वीचा मशाल धरलेला फोटो. शेवटी क्रमशः.

सोमवारी दुपारपर्यंत आकडा चारशेवर गेला. बुधवारी तीन हजार. गावातल्या पुण्या-मुंबईकडे गेलेल्या पोरांनी तो एकमेकांना पाठवला होता. सांगलीच्या एका साप्ताहिकाने न विचारता अख्खा लेख उचलला आणि झेरॉक्स काढून कोणीतरी यार्डातल्या चहाच्या गाड्यावर चिकटवला. ब्लॉगखाली लोक लिहायला लागले. नाव न देता लिहिलं की तिथे आपोआप 'अनामित म्हणाले' असं येतं. अनामित म्हणाले, चोराच्या हातात देवाचा उजेड, वा रे गाव. अनामित म्हणाले, म्हणून तोलार झालेत होय, काटा मारणं रक्तातच आहे. अनामित म्हणाले, अजून टोप कुठे पुरलाय ते विचारा. मी एकही काढून टाकलं नाही. काहींच्या खाली हसरा चेहरा टाकून आभारसुद्धा मानले.

यार्डात काय चाललं होतं ते मला क्लासातल्या मुली सांगायच्या. मंगळवारी एका हळदवाल्याने बयाजींनी तोललेलं पोतं पुन्हा तोलायला लावलं. मग प्रत्येकजण तेच मागायला लागला. वजन बरोबरच भरायचं, पण माणसं हसायची आणि पुन्हा मागायची. बुधवारी अडत्याने त्यांना सांगितलं, यात्रा होईस्तोवर घरी बसा, अण्णा, उगाच गिऱ्हाईक फुटतंय. त्या अडत्याकडे त्यांची चौतीस वर्षं गेली होती.

गुरुवारी संध्याकाळी ते आले. क्लास सुटलेला होता. या वेळी ते आत आले नाहीत, पायरीवरच उभे राहिले.

"रणजितचा फोन आला हुता," ते म्हणाले.

"काय म्हणतोय?"

"वाचलं म्हणला." थोडा वेळ त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. "म्हणला, बरं झालं, सुटलो."

मी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिले.

"बाई, खोटं लिवलं असं मी म्हणत न्हाई. कागदात हाय त्येच लिवलं तुमी. पर कागदाच्या मागंबी लिवलंय न्हवं? त्ये काय हाय?"

"ते दुसऱ्या भागात येणार आहे."

"कवा?"

"सोमवारी."

"सोमवारी यात्रा झाल्याली असंल."

"हो."

"मला सांगा की मग. तोंडी सांगा. मी कुनाला बोलनार न्हाई."

"अण्णा, आधी सांगितलं तर वाचायला काय उरेल?"

त्यांनी एक पाय वरच्या पायरीवर ठेवला आणि पुन्हा खाली घेतला. "सगळं नगा सांगू. चांगलं हाय का वाईट, तेवढं सांगा. शनवारी मशाल धरायची का न्हाई, मला ठरवाय पायजे."

एका शब्दाचं काम होतं. 'चांगलं' एवढं म्हणायला काय लागतं? मला त्यांचा तो पायरीवरचा पाय दिसत होता, आणि त्यांना असं माझ्या दाराशी थांबवून ठेवायला मला बरं वाटत होतं.

"वाचालच की सोमवारी," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, जसं काही मी पोत्याचं वजन सांगितलं आणि त्यांना ते पटलं. मग कागद परत मागितला. मी आणून दिला. फडकं त्यांनी आणलंच होतं.

"ज्यांनी वाचला त्ये कुठं ऱ्हात्यात?"

"साताऱ्यात."

"साताऱ्यात कुठं?"

"पत्ता नीटसा लक्षात नाही," मी म्हटलं. पत्ता टेबलावरच्या डायरीत होता.

शुक्रवारी दुपारी पोंक्ष्यांचा फोन आला. "तुमच्या गावचे एक गृहस्थ आले होते. सकाळपासून पेठा पालथ्या घालत होते, मोडी वाचणारा कोण म्हणून दारोदार विचारत. मी दोन्ही बाजू वाचून दाखवल्या. मागची बाजू पुन्हा वाचा म्हणाले. पाच वेळा वाचली. शेवटी शेवटी ते माझ्याबरोबर म्हणायला लागले, पाठच झालं त्यांचं." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही पुढचीच बाजू छापलीत का हो?"

"मागची सोमवारी येतेय, काका. दोन भाग केलेत."

त्यांनी फोन ठेवून दिला. नंतर कधीही त्यांनी माझं काही वाचून दिलं नाही.

त्याच संध्याकाळी आप्पासाहेब थोरवडे घरी आले. ते यात्रा कमिटीचे अध्यक्ष, मूळचं पाटील घराणं, आणि वर्षाअखेरीला नगरपालिकेच्या निवडणुका होत्या. बरोबर कमिटीतले दोघे होते.

"बाई, तुमी गावाचं डोळं उघडलं," आप्पासाहेब खुर्चीत बसत म्हणाले. "पण आता पंचाईत झालीया. चोराच्या घरातल्यानं देवाच्या म्होरं चालावं हे लोकांना पटंना. तरणी पोरं म्हणत्यात, खराडे दिसलं तर धोंडं घालू."

"मग?"

"मशाल तर निघाया पायजे. आमी काल बैठक घेतली." त्यांनी बाकीच्या दोघांकडे पाहिलं. "यंदा तुमी धरा."

"मी?"

"पयल्यांदाच बाईमाणसाच्या हातात मशाल. पेपरवाल्यास्नी सांगितलंय. आनी इतिहास तुमीच उजेडात आणला, मग उजेड बी तुमीच धरा."

ते दोघे कौतुकाने हसले. कॉम्प्युटर माझ्या पाठीमागे चालू होता आणि मागच्या बाजूचा मजकूर त्यात टाइप होऊन पडला होता. खुर्ची फिरवली असती तरी पुरलं असतं. मी उठून चहा टाकला. चहा देताना मी एकच गोष्ट विचारली.

"चपला घातल्या तर चालतील ना?"

"घाला की," आप्पासाहेब म्हणाले. "तुमाला काय शिक्षा हाय व्हय?"

यावर आम्ही चौघंही हसलो.

शनिवारी मी इरकल नेसले आणि नव्या कोल्हापुरी घातल्या. डोक्यावर पदर घेतला. देवळाच्या पायऱ्यांवर गुरवाने मशाल पेटवून माझ्या हातात दिली तेव्हा ठीक बारा वाजले होते. माझ्या क्लासातल्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. दोन पेपरचे आणि एका चॅनेलचा माणूस समोर होता. मशाल मला वाटलं त्यापेक्षा जड निघाली, आणि तेल दांड्यावरून मनगटावर येत होतं, पण ते कोणाला दिसत नव्हतं. हलगी वाजायला लागली. पालखी उचलली. गुलाल उडाला. आम्ही दहा पावलं चाललो असू, तोच गर्दी बाजूला होऊन बयाजी खराडे आत आले.

पांढरा सदरा, धोतर. डोकं उघडं, पाय उघडे, हात रिकामे. पटक्याशिवाय मी त्यांना फक्त यात्रेतच पाहिलं होतं.

"आला बघा चोर," कोणीतरी ओरडलं आणि हशा पिकला. एक नारळाची करवंटी त्यांच्या खांद्याला लागून गेली. त्यांनी तिकडे पाहिलं नाही. ते माझ्या पुढे पाच हातांवर येऊन उभे राहिले आणि मग वळले. वाटेकडे पाठ आणि आमच्याकडे तोंड. आणि मागे मागे चालायला लागले.

"बाजूला घ्या रं त्येला," आप्पासाहेब म्हणाले. दोन पोरांनी त्यांना दंडाला धरून कडेला नेलं. ते परत आले. पुन्हा नेलं, पुन्हा आले. तिसऱ्यांदा आप्पासाहेबांनीच हात केला, "चालू दे. लोकास्नी गंमत वाटतीया."

लोकांना गंमत वाटतच होती. उलटा चालणारा म्हातारा कोणी पाहिला होता? पोरं त्यांच्या आजूबाजूला उलटी चालून नक्कल करायला लागली. बयाजी एकेका तोंडाकडे बघत होते. घाई नाही, राग नाही. यार्डातल्या त्या हळदवाल्याकडे पाहिलं, अडत्याकडे पाहिलं, आप्पासाहेबांकडे बराच वेळ पाहिलं. नजर पडली की त्या माणसाचं हसू कमी व्हायचं आणि नजर पुढे गेली की परत यायचं. मग ते माझ्याकडे बघायला लागले आणि तिथून त्यांनी डोळे हलवलेच नाहीत.

मागच्या बाजूला काय होतं, ते आता सांगते.

"शके सतराशे सोळा, आनंद नाम संवत्सरे. देवाची विहीर उपसिली तेव्हा टोप गाळात सापडला. सुभानजी खराडे याजकडे चोरी नव्हती. त्यास मारून कबूल करविले, हा समस्त गावाचा अन्याय. गावाने त्यास पागोटे देऊन मशाल माफ केली. सुभानजीने पागोटे घेतले नाही. बोलिला जे, दोन साले गावाने माझे तोंड पाहिले. येथून पुढे मी व माझे वंशज गावाचे तोंड पाहू." आणि खाली पंचांच्या सह्या म्हणून नांगराच्या खुणा. पहिला नांगर थोरवडे पाटलांचा.

म्हणजे मशाल मानाचीही नव्हती आणि शिक्षेचीही नव्हती. गावाने केलेलं गावाच्या डोळ्यांसमोर दरसाल धरायचं, म्हणून ती होती. पुढे कधीतरी खराडे सरळ चालायला लागले असतील, आणि गाव विसरलं, आणि तेही विसरले. आता त्या अख्ख्या गर्दीत हे दोघांनाच ठाऊक होतं. एकाला पाठ होतं आणि दुसरीने टाइप करून ठेवलं होतं.

डांबर तापलेलं होतं. पेठेच्या वळणावर बयाजींचा पाय गटाराच्या झाकणाला अडखळला आणि ते पाठीवर पडले. कोणी उचललं नाही. मी मशाल धरलेली होती, माझे हात मोकळे नव्हते. ते स्वतःच कोपरावर उठले, सदरा झटकला आणि पुन्हा तोंड आमच्याकडे करून चालायला लागले. वेशीपर्यंत आणखी एकदा पडले. त्यांच्या टाचांच्या खुणा रस्त्यावर ओल्या उमटत होत्या आणि माझ्या नव्या चपला त्यांवरून जात होत्या.

वेशीत पालखी टेकवतात. तिथे सरबत असतं, सगळे तिकडे वळले. मी आणि बयाजी काही क्षण एकमेकांसमोर राहिलो. माझं मनगट तेलाने भाजलं होतं आणि मला रडू येत होतं. भाजल्यामुळे नव्हे.

"अण्णा," मी म्हटलं, "मी आत्ता घरी जाऊन टाकते. सोमवारपर्यंत थांबत नाही. सगळ्यांना कळू दे."

"नगा टाकू," ते म्हणाले.

"असं कसं? लोकांना कळायला हवं. ते माफी मागतील तुमची."

"त्येच सांगतोय. टाकलं की ह्ये सगळं परत पागोटं घिऊन येत्याल." त्यांचा श्वास लागला होता. "टाकायचं न्हाई, बाई. कवाच न्हाई."

"मग मी काय करू?"

त्यांनी माझ्या हातातल्या मशालीकडे पाहिलं. "त्ये धरा," म्हणाले. "दरसाल."

दुसऱ्या दिवशी दोन्ही पेपरांत माझा फोटो आला. बयाजी त्यात नव्हते, छायाचित्रकारांनी तेवढी कड कापली होती. दुसरा भाग कधी येणार म्हणून लोकांनी महिनाभर विचारलं, मग विसरले. त्या पावसाळ्यात मी ब्लॉग बंद केला.

पुढच्या वर्षी कमिटी पुन्हा माझ्याकडे आली. मी हो म्हणाले, आणि चपला घरीच ठेवल्या. पदरही डोक्यावरून काढला. माझ्या साधेपणाचं आणि भक्तीचं पेपरात कौतुक झालं. बयाजी आले, वळले, आणि माझ्या तोंडाकडे बघत मागे मागे चालले. तोवर लोकांना त्याची सवय झाली होती. यात्रेला येणारी नवी माणसं विचारायची, हे उलटे चालणारे कोण, आणि गावचे लोक सांगायचे, तो पण एक मान आहे.

बयाजी अशा सहा यात्रा चालले. सातव्या वर्षी माघात गेले. त्या चैत्रात मी मशाल घेऊन पायरीवर उभी राहिले तेव्हा मला वाटलं होतं, की समोरची वाट आता मोकळी आहे. दहा पावलांवर गर्दी बाजूला झाली आणि रणजित आला. चाकणची नोकरी सोडून आल्याचं मला नंतर कळलं. डोकं उघडं, पाय उघडे. कागद त्याने कुठून वाचून घेतला, की बापाने मरताना त्याला तोंडपाठ म्हणून दाखवला, मी विचारलेलं नाही. तो आमच्याकडे तोंड करून उभा राहिला. बयाजी सगळ्यांकडे बघून मग माझ्याकडे यायचे. रणजितने पहिल्यापासून माझ्याकडेच पाहिलं.

यंदा माझ्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. ब्लॉगवर गावाचं खरं नाव होतं, इथे मी ते आणि माणसांची नावं बदलली आहेत, म्हणजे हे वाचून पागोटं घेऊन जायला कोणाला घर सापडू नये. यात्रेच्या आधी कमिटीची पोरं आली होती. आता आप्पासाहेबांचा नातू अध्यक्ष आहे. तो फार आदराने म्हणाला, मॅडम, बारा-तेरा वर्षं तुम्ही हा मान सांभाळलात, आता विश्रांती घ्या, कोणा तरुण मुलीला देऊ या. मी म्हटलं, उद्या सांगते. आणि काठी टेकत खराड्यांच्या घरी गेले.

रणजित ओट्यावर बसून मुलीचा अभ्यास घेत होता. मी त्याला सगळं सांगितलं. गुडघे दाखवले. डॉक्टरांनी अनवाणी चालायला बंदी केलीय, तेही सांगितलं.

त्याने नीट ऐकून घेतलं. मुलीला आत पाठवलं, मला पाणी दिलं, तांब्या परत हातात घेतला.

"न्हाई," तो म्हणाला. "हळू चला, बाई. मी थांबतो."